गाळलेले दोन शब्द

अण्णा,

गेल्या रविवारी उपासना आटोपल्यावर चर्चमध्ये सभा झाली, आणि त्या सभेत मी तुमच्याबद्दल खोटं बोललो. बोललो म्हणजे तोंडसुद्धा उघडलं नाही, नुसती मान हलवली. ऐंशी उलटलेल्या माणसाची मान तशीही हलतच असते, त्यात खोटं ते काय, असं कुणी म्हणेल. पण मला ठाऊक आहे ना. आपल्या गायनमंडळात एक बाई आहेत, पस्तिशीच्या, इस्पितळात नोकरी करतात. त्यांनी आमच्या पाळकांना सरळ विचारलं की, मी लग्न केलेलं नाही, करणारही नाही, माझ्या मैत्रिणीबरोबर राहते आणि तेच माझं घर आहे. आम्ही दोघी मिळून प्रभुभोजनाला बसलो तर चालेल का? आमच्या पाळकही बाईच आहेत. तुम्ही खूश झाला असतात, तुमच्या पंच कमिटीला घेरी आली असती. त्यांनी प्रश्न मंडळीपुढं ठेवला. मग एकानं मोशेचं नियमशास्त्र काढलं, दुसऱ्यानं पौलाचं पत्र काढलं, आणि तिसरे एक गृहस्थ म्हणाले, हे सगळं आत्ताचं फॅड आहे, आपल्या वाडवडिलांच्या वेळी असलं काही नव्हतं. ते माझ्याकडं वळले. "काय काका, तुमचे वडील इथंच पाळक होते. त्यांच्या काळी ऐकलं होतंत का असलं काही?" मी नकारार्थी मान हलवली. त्या बाई माझ्याकडंच बघत होत्या. त्यांनी पर्स खांद्याला लावली, चहाचा कप खिडकीत ठेवला आणि निघून गेल्या.

तुम्हाला जाऊन साठ वर्षं होऊन गेली. इतक्या वर्षांत तुम्हाला पत्र लिहावं असं मला कधी वाटलं नाही. आपण एकमेकांना पत्रं लिहिणाऱ्यांपैकी नव्हतोच. एका घरात राहणाऱ्या दोन पुरुषांनी लिहायचं तरी काय. आई गेली तेव्हा मी बारा वर्षांचा होतो आणि तेव्हापासून परळच्या चर्चमागच्या त्या दोन खोल्यांत आपण दोघंच. भात तुम्ही करायचात, कालवण मी, आणि दोन्ही सारखीच वाईट व्हायची. पलीकडं गिरणी होती. उपासनेच्या मधेच भोंगा झाला की तुम्ही वाक्याच्या अर्ध्यावर थांबायचात, घड्याळाकडं बघत उभे राहायचात आणि भोंगा संपला की नेमका पुढचा शब्द उचलायचात. मला तुमचा तो नेमकेपणा आवडायचा. तुमच्याबद्दल मला सगळ्यात आधी काय आठवतं असं कुणी विचारलं तर मी तेच सांगेन, माया वगैरे नंतर.

बुधवारच्या प्रार्थनासभेतली चिठ्ठ्यांची पद्धतही तुमच्या त्या नेमकेपणातूनच आलेली. दाराशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा, झाकणाला फट पाडलेली. ज्याला प्रार्थना हवी त्यानं नाव न घालता चिठ्ठी लिहून आत टाकायची. तुम्ही डबा आधी कधी उघडला नाहीत. "आधी वाचून निवडायला मी कोण?" म्हणायचात. सगळ्यांसमोर झाकण काढायचं, एकेक चिठ्ठी जशी लिहिली असेल तशी मोठ्यानं वाचायची, त्यावर प्रार्थना करायची आणि घरी येऊन सगळ्या शेगडीत घालायच्या. कुणाच्या सासूचा दमा, कुणाच्या मुलाची मॅट्रिक, गिरणीतला बदली कामगार कायम व्हावा. एकदा कुणीतरी शेजारणीचा कोंबडा मरावा म्हणून चिठ्ठी टाकली होती. तीही तुम्ही जशीच्या तशी वाचलीत आणि शेजारणीच्या आरोग्यासाठी प्रार्थना केलीत.

मी तेव्हा गिरगावात, एका छापखान्यात प्रुफं तपासायला होतो. लग्नपत्रिका, पंचांगं, शाळांचे अहवाल आणि त्या दिवसांत मुख्यतः संयुक्त महाराष्ट्राची पत्रकं. मालक बाहेरून घाबरट आणि आतून कडवा, त्यामुळे पत्रकांवर छापखान्याचं नाव नसायचं. प्रुफाच्या लांब पट्ट्या एका बाजूनं कोऱ्या असतात. त्या मी घरी आणायचो आणि तुम्ही त्यांवर प्रवचनाची टिपणं काढायचात. मोर्चाच्या हाकेच्या पाठीवर डोंगरावरचं प्रवचन. तुम्हाला त्यात गंमत वाटायची. पंच कमिटीचं म्हणणं, ख्रिस्ती माणसानं राजकारणापासून लांब राहावं, नाहीतर लोक म्हणतील साहेब गेला आणि हे मागे राहिले. तुमचं म्हणणं, लोक ते असंही म्हणतातच.

त्या छापखान्यात तो होता. छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, लालबागचा, बाप गिरणीत, घरात मालवणी. उलटी अक्षरं तो आपण सुलटी वाचतो तितक्या भरभर वाचायचा. मी पट्टीवर केलेल्या खुणा घेऊन गेलो की चिमट्यानं चुकीचा खिळा उचलायचा, नवा बसवायचा आणि वर न बघता म्हणायचा, "तुझे डोळे चांगले आसत रे. माणसाक वेड लावतले." हे तो सगळ्यांनाच म्हणत असेल अशी मी स्वतःची समजूत घातली होती. गोळीबार झाला त्या दिवशी आम्ही दोघं फाउंटनला मोर्चाच्या गर्दीत होतो. धावत सुटलो. त्यानं माझं मनगट धरलं होतं. गिरगावात एका चाळीच्या जिन्याखाली येऊन थांबलो, धाप ओसरली, बाहेरचा आरडाओरडा लांब गेला, तरी त्यानं मनगट सोडलं नाही. मीही सोडवून घेतलं नाही. किती वेळ ते सांगता येत नाही. त्याच्या बोटांची शाई माझ्या हाताला लागली होती आणि घरी येऊन मी ती धुतली नाही.

त्यानंतरचा महिना मी काय भोगलं ते तुम्हाला दिसलं असेलच. मी तुमचाच मुलगा. शास्त्रवचनं मला पाठ होती, विशेषतः नको ती. शेवटी एका बुधवारी मी चिठ्ठी लिहिली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हातानं लिहिली. "माझं मन एका मित्रावर जडलं आहे. मीही पुरुषच आहे. हे माझ्यातून काढून टाकावं म्हणून प्रार्थना करा." घडी घातली आणि डब्यात सोडली. इतकी काळजी घेतली आणि कागद मात्र हाताला लागला तो घेतला.

मी शेवटून दुसऱ्या बाकावर बसलोय. तुम्ही झाकण काढता. दमा होतो, मॅट्रिक होते. मग तुम्ही एक चिठ्ठी उलगडता, वाचायला तोंड उघडता आणि थांबता. भोंगा नाही, काही नाही, तरी थांबता. चिठ्ठी उलटी करून पाहता. पाठीमागं ठळक खिळ्यांत मोर्चाच्या पत्रकाची अर्धी ओळ आहे, ती मला माझ्या जागेवरून दिसते, आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडतो. परळच्या मंडळीत प्रुफाच्या पट्ट्या एकाच घरात येतात. तुम्ही चिठ्ठी पुन्हा सुलटी करता. माझ्याकडं बघत नाही. "एका भावाची विनंती आहे," तुम्ही म्हणता. "त्याला फार भीती वाटते आहे. त्याची भीती काढून टाकावी आणि त्याला एकटं ठेवू नये म्हणून आपण प्रार्थना करू." सगळे माना खाली घालतात.

मला तुमचा संताप आला. कोंबड्याची चिठ्ठीसुद्धा तुम्ही शब्दाला धक्का न लावता वाचली होतीत आणि माझीच तेवढी बदललीत. मी काढून टाका म्हटलं ते एक आणि तुम्ही मागितलंत ते भलतंच. अब्रू वाचवलीत, दुसरं काय, असं मी धरून चाललो. घरी आल्यावर तुम्ही सगळ्या चिठ्ठ्या शेगडीत घातल्यात, माझीही घातलीत, आणि भात लावलात.

त्या रविवारी प्रभुभोजन होतं. आपल्याकडं लोक बाकांवरच बसून राहतात आणि भाकरीची थाळी हातोहात फिरते. ज्याला आपण अपात्र आहोत असं वाटतं तो थाळी नुसती पुढं देतो, आणि मग महिनाभर मंडळी त्यावर तर्क लढवते. मी थाळी पुढं दिली. दुपारी तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून बटाटे सोलत होतात.

"थाळी पुढं का दिलीस?"

"माझी लायकी नाही."

"लायकी बघून भाकर द्यायची असती तर मी तिथं उभा राहिलो असतो का? ते मेज तुझं नाही आणि माझंही नाही. ज्याचं आहे त्यानं बोलावलंय. बोलावलेल्या माणसानं आपणच उठून दाराशी बसू नये, बरं दिसत नाही."

मी विचारलं, "आणि शास्त्रात लिहिलंय त्याचं काय?"

तुम्ही सोललेलाच बटाटा पुन्हा सोललात. मग म्हणालात, "लिहिलंय. तीस वर्षं वाचतोय. सगळं मला कळलंय असं मी कधी म्हटलंय? जे कळत नाही त्याच्यासाठी तुला उपाशी ठेवू का?" आणि थोड्या वेळानं, सुरी पुसता पुसता, "मंडळीत मात्र बोलू नकोस. मला काढलं तर मी दुसरीकडं जाईन. पण तुझ्याबद्दल हे लोक माझ्याच व्यासपीठावरून बोलतील, ते मला ऐकवणार नाही."

ही माया होती की भय, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. बहुधा दोन्ही असावं. आजकालच्या मुलांना हे सांगितलं तर म्हणतील, एवढंच? गप्प बस, असंच ना शेवटी? मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. एवढंच सांगतो की त्या दुपारी बटाट्याची भाजी खारट झाली होती आणि मी तीनदा वाढून घेतली.

तो घरी येऊ लागला तो त्यानंतर. रविवारी दुपारी जेवायला यायचा, कधी त्याच्या आईनं दिलेलं सुक्या बांगड्याचं काही घेऊन. पुढच्या वर्षीच्या नाताळात आपण ठरवलं की आई गेल्यापासून बंद पडलेला फराळ यंदा करायचा. आपल्या दोघांना करंज्या येत नाहीत, हे पहिला घाणा तेलात विरघळल्यावर आपल्याला कळलं. मग तो बाह्या सरसावून बसला. तुम्ही पुऱ्या लाटताय, तो सारण भरतोय, मी तळतोय. तुम्हीही एक भरून बघता.

"अण्णानू, सारण येवढा भरू नकात. तेलात फुटतली."

"तुला आईनं शिकवलं?"

"शिकवूक कोण बसता? बघान येता."

तुम्ही सारण कमी करता आणि करंजीची कड त्याच्यासारखी मुडपायला बघता. त्याची पहिली करंजी तुम्ही उभ्या उभ्या, चटका बसत असताना खाल्लीत आणि म्हणालात, "ह्याच्या आईच्या हातची अशीच असायची." ह्याच्या म्हणजे माझ्या. ते तुम्ही त्याला सांगितलंत, मला नाही. मला त्या क्षणी इतका आनंद झाला होता की पुढचा घाणा मी करपवला.

पुढं जे झालं त्यासाठी हे पत्र. जानेवारीत पंच कमिटीच्या सेक्रेटरींनी तुम्हाला गाठलं. एक हिंदू तरुण दर रविवारी पाळकाच्या घरी जेवतो, त्याला बाप्तिस्मा घ्यायचाय का, नसेल तर मग येतो कशाला? तिकडं लालबागच्या चाळीतही कुजबुज होती की पाद्री पोराला बाटवणार. दोन्हीकडचे लोक आपापल्या परीनं काळजीत होते, आणि खरं कारण दोघांच्याही गावी नव्हतं. तुम्ही मला बोलावून म्हणालात, "काही दिवस त्याला येऊ नको म्हणावं. कमिटी बदलली की बघू. त्याला नीट समजावून सांग, वाईट वाटता कामा नये." दुसऱ्या दिवशी छापखान्यात मी त्याला म्हटलं, "अण्णांनी सांगितलंय, घरी येऊ नकोस."

काही दिवस. हे दोन शब्द मी गाळले. प्रुफं तपासणारा माणूस मी, ओळीतला कानामात्रा गळला तरी माझ्या डोळ्यांत खुपायचा. चुकून गाळले असं मी म्हणू शकत नाही. तो आला नाही तर माझं मन आपोआप ठिकाणावर येईल असं मला वाटत होतं. चिठ्ठीनं जे झालं नाही ते मी जिभेनं करायला गेलो, आणि वर ते तुमच्या नावावर घातलं. त्यानं हातातला खिळा खणात टाकला. "बरां," म्हणाला, आणि कामाला लागला. माझ्याशी त्यानं एक दिवसही अबोला धरला नाही. आपल्या उंबऱ्यात मात्र पुन्हा पाऊल टाकलं नाही. कमिटी बदलल्यावर तुम्ही विचारलंत, "तो येत नाही हल्ली?" मी म्हटलं, "आंदोलनाच्या कामात असतो." तेही अर्धं खरं होतं.

तुम्ही आजारी पडलात त्या पावसाळ्यात तो रोज लालबागहून तांदळाची पेज आणायचा. इस्पितळाच्या आवारात बाकावर बसायचा आणि मी खाली जाऊन डबा घेऊन यायचो. वर चल, असं मी त्याला म्हटलं नाही, आणि त्यानंही विचारलं नाही. एकदाच आपणहून म्हणाला, "मी वर इलेला अण्णांका आवडाचा नाय." तुम्हाला दुसरं काही जात नव्हतं, पेज मात्र जायची. कुणी केली विचारलंत, तर मी शेजारच्या बाईंनी म्हणून सांगितलं. मग एका दुपारी तुम्ही डोळे मिटलेले असतानाच म्हणालात, "तो करंज्यांवाला कुठं असतो? एकदा बोलाव त्याला. तुम्हा दोघांसाठी मिळून प्रार्थना करायची राहिलीय."

खिडकीतून तो दिसत होता. मांडीवर रिकामा डबा घेऊन बसला होता. तो वर आला असता तर तुम्ही म्हणाला असतात, इतके दिवस कुठं होतास, आणि तो म्हणाला असता, तुम्हीच तर नको म्हणालात. मी म्हटलं, "तो गावी गेलाय, अण्णा. लग्न ठरलंय त्याचं."

तुम्ही डोळे उघडलेत. "मग तू एकटाच राहणार," म्हणालात. तुमच्या आवाजात इतकं दुःख मी आई गेली तेव्हाही ऐकलं नव्हतं. आवारात शेकत बसून येशूला तीनदा नाकारणाऱ्या पेत्राची गोष्ट तुम्ही दर वर्षी उत्तम शुक्रवारी सांगायचात. त्या वेळी मला ती आठवली नाही. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात. शिवडीच्या दफनभूमीत तो फाटकाबाहेर उभा राहिला, कारण तुम्हाला आवडणार नाही असं त्याला वाटत होतं.

पुढं राज्य झालं. ज्या पत्रकांचे खिळे त्यानं जुळवले होते त्यातलं बरंचसं खरं झालं. आम्ही दादरला एक खोली घेतली, मग दोन. दोन ब्रह्मचारी म्हणून चाळीनं आम्हाला सांभाळून घेतलं, सत्यनारायणाला बोलावलं, स्थळं आणली, मग आणेनाशी झाली. मी रविवारी चर्चला जातो, थाळी आली की भाकर उचलतो, पुढं ढकलत नाही. तो गणपतीत लालबागला जातो. एकटा मी कधीच नव्हतो, अण्णा. तुम्ही मागितलेल्यातलं तेवढं मिळालं. भीती अजून जायचीय.

दर नाताळात तो करंज्या करतो. हात थरथरतात आता, कड नीट मुडपली जात नाही. दर वर्षी पहिली करंजी बशीत बाजूला काढून ठेवतो आणि दर वर्षी कधीतरी विचारतो, "तुझ्या बापाशीक माझा काय चुकला होता रे?" साठ वर्षं मी एकच उत्तर देत आलोय, "काही नाही रे, जुन्या वळणाचे होते." तो मान डोलावतो. परवा सभेत त्या गृहस्थांनी विचारलं तेव्हा मला तेच उत्तर सगळ्यात सवयीचं होतं.

येत्या रविवारी प्रभुभोजन आहे. त्या बाई येतील की नाही कुणास ठाऊक. उभं राहून मंडळीला सांगावं असं मनात आहे, की होतं, पाळकाच्याच घरात होतं, आणि पाळकानं जेवायला वाढलं होतं. पण ते तिथं सांगायचं तर आधी इथं सांगावं लागेल. तुम्हाला हे पत्र पोचायचं नाही, एवढं मला कळतं. ज्याला पोचू शकतं तो चार पावलांवर, आत, खवणीवर नारळ घेऊन बसलाय. मघाशी आवाज थांबवून त्यानं विचारलं, "काय लिवतस येवढा?"

काही नाही, म्हटलं मी.